हेवा, हाव आणि दुसऱ्याच्या वस्तूवरचा डोळा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेत दर रविवारी सकाळी मी मुलांना मराठी शिकवते. बहुतेकांची तिसरी-चौथी पिढी इथलीच. घरात मराठी, उंबरठा ओलांडला की हिंदी. एकदा षड्रिपू समजावत होते, तेव्हा आठवीतला एक मुलगा म्हणाला, "लोभ काय, मत्सर काय, सगळी जलनच ना, काकू?" त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. पुढे मुलांचे आई-वडील, आज्या, माझ्या मैत्रिणी असे सगळेच याबद्दल विचारू लागले. ते प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हाव, मत्सर आणि दुसऱ्याच्या वस्तूवरचा डोळा, या तिन्हींतला फरक थोडक्यात सांगाल का?

संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. एक बाई डाळिंबी रंगाची माहेश्वरी नेसून आली आहे आणि तिघीजणी तिच्याकडे बघताहेत.

पहिलीच्या कपाटात चाळीस साड्या आहेत. त्यातल्या दहांची अजून घडीही मोडलेली नाही. तरी ती मनात म्हणते, उद्या दुकानात जायलाच हवं. ही हाव. समोरची बाई कोण आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. साडी काचेआड दिसली असती तरी तिला हेच वाटलं असतं.

दुसरीला साडी नकोच आहे, डाळिंबी रंग तिला आवडतही नाही. पण ती साडी हिच्या अंगावर खुलते आहे आणि सगळ्या कौतुक करताहेत, हे तिला सोसवत नाही. चहाचा कप त्या पदरावर सांडला तर तिला आतून बरं वाटेल. हा मत्सर.

तिसरीला तीच साडी हवी आहे. तशीच दुसरी कुणी आणून दिली तरी तिचं समाधान होणार नाही. मराठीत आपण म्हणतो, 'तिचा त्या साडीवर डोळा आहे.'

हावेची नजर वस्तूवर असते, मत्सराची माणसावर, आणि तिसरीची त्या माणसाच्या त्याच वस्तूवर. मुलांना मी एवढंच सांगते आणि त्यांना ते लगेच कळतं.

या तिसऱ्या भावनेला मराठीत एक शब्द नाही का?

रोजच्या बोलण्यात नाही. आपण 'डोळा असणे' म्हणतो, किंवा 'अभिलाष धरणे' असं पुस्तकी बोलतो. संस्कृतात मात्र नेमका शब्द आहे : अभिध्या. अमरकोशात त्याचा अर्थच दुसऱ्याच्या वस्तूविषयीची इच्छा असा दिला आहे. पालीत तो 'अभिज्झा' होतो आणि बौद्ध परंपरेत दहा अकुशल कर्मांपैकी मनाने होणाऱ्या तीन कर्मांत तो मोडतो. आमच्या वर्गात महूहून येणारी एक मुलगी आहे. तिच्या आजोबांना हा शब्द वंदनेच्या पुस्तकांमुळे ओळखीचा होता, मला मात्र तो कोशात शोधावा लागला.

ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र 'मा गृधः कस्यस्विद्धनम्' असं सांगतो. कुणाच्याही धनावर डोळा ठेवू नकोस. यातल्या 'गृध्' धातूपासूनच 'गृध्र' शब्द आला आणि त्याचं मराठीत गिधाड झालं. वर घिरट्या घालत खालच्या एकाच गोष्टीवर नजर लावून बसलेला पक्षी. हे सांगितलं की मुलं एकदम गप्प होतात.

लोभ वाईट, तर पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' का लिहायचं?

हा प्रश्न मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण तो इथेच पडू शकतो. हिंदी माध्यमात शिकलेल्या एका मुलाने पणजोबांचं पुण्याहून आलेलं जुनं पत्र वाचलं. शेवटी 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती' असं होतं. तो घाबरून आईला म्हणाला, पणजोबा लालची होते का?

हिंदीत लोभ म्हणजे लालचच. मराठीत लोभाला दोन अंगं आहेत. एक हाव आणि दुसरं माया. 'लुभ्' या मूळ धातूत ओढ लागणं, भुलणं आहे. ती ओढ पैशाकडे वळली की आपण नाक मुरडतो आणि माणसाकडे वळली की पत्राच्या शेवटी लिहितो. आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात दोन्ही ठेवलं याचं मला खरोखर अप्रूप वाटतं. ओढ मुळात वाईट नाही हे त्यांना ठाऊक असणार. म्हणून वर्गात मी हावेला शक्यतो 'हाव' किंवा 'हव्यास' म्हणते आणि लोभ पत्रांसाठी राखून ठेवते.

हेवा आणि मत्सर एकच ना?

नाही, आणि हा फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. 'काय सुंदर आवाज आहे गं तुझा, हेवा वाटतो!' असं आपण तोंडावर, हसत म्हणतो. 'मला तुझा मत्सर वाटतो' असं कुणी कुणाला चारचौघांत म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हेव्यात 'मलाही असं जमावं' असतं, मत्सरात 'हिचं हे जावं' असतं.

हॉलंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या डच भाषेतही या दोन भावनांना दोन वेगळे शब्द आहेत. त्यांना असं दिसलं की पहिल्या जातीचा हेवा माणसाला स्वतः वर चढायला लावतो आणि दुसऱ्या जातीचा समोरच्याला खाली ओढायला. आपल्याकडे 'हेवेदावे' म्हणताना हेवाही बदनाम झाला आहे खरा. तरी एकटा हेवा वाटला तर त्याची लाज बाळगू नये असं माझं मत आहे. इथल्या 'सानंद' या संस्थेच्या नाटकाला जाऊन आल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "त्या नटीचा इतका हेवा वाटला, की घरी येऊन मी आरशासमोर तासभर बोलत होते." तो हेवा मी कशाला मोडू?

मग असूया म्हणजे काय?

दुसऱ्याच्या गुणातही दोष काढणं. अमरकोशात ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न सोसणं आणि असूया म्हणजे गुणांवरही दोषाचा आरोप करणं, असा भेद केला आहे. कुणी दान दिलं की 'नावासाठी देतो', कुणी मोजकं बोललं की 'शिष्ट आहे'. ही असूया. दत्तगुरूंच्या आईचं नाव अनसूया. जिच्यात असूया नाही ती. तीन देव जिच्या पोटी एकत्र आले तिच्या नावात हाच एक गुण असावा, याचा विचार गुरुवारी आरती म्हणताना आपण करत नाही.

इथल्या मातीतलं एखादं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते याच अनसूयेच्या घरापासून सुरू होतं.

इंदूरहून माहेश्वर दोन-अडीच तासांवर. परंपरेने तीच पुराणातली माहिष्मती, सहस्रार्जुनाची राजधानी. तिथल्या राजराजेश्वराच्या मंदिराशी आजही त्याचं नाव जोडलेलं आहे. हा राजा दत्तात्रेयांचा भक्त. त्यांनीच त्याला हजार हात दिले. रावणालासुद्धा त्याने बंदी केलं होतं. काही कमी नव्हतं त्याला. असा राजा एकदा जमदग्नी ऋषींच्या आश्रमात गेला. ऋषींनी कामधेनूच्या जोरावर त्याचा आणि सगळ्या सैन्याचा पाहुणचार केला. जेवून उठताना राजाच्या मनात काय आलं असेल? त्याच्या गोठ्यात हजारो गाई होत्या, म्हणजे ही नुसती हाव नव्हती. झोपडीत राहणाऱ्या ऋषीचा त्याला मत्सर वाटावा असंही काही नव्हतं. त्याला तीच गाय हवी होती. मागून मिळेना, तेव्हा त्याने ती ओढून नेली. पुढे परशुरामाने त्याला मारलं, राजाच्या मुलांनी जमदग्नींना मारलं आणि त्यातून एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करण्यापर्यंत गोष्ट गेली.

अनसूयेच्या मुलाने हजार हात दिले आणि ते सगळे हात एका गाईसाठी पुढे झाले. माहेश्वरच्या घाटावर बसले की मला दर वेळी हे आठवतं.

त्याच माहेश्वरात अहिल्याबाई राहिल्या. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. नवरा खंडेराव १७५४ मध्येच कुंभेरीला पडले होते. घरात कर्ता पुरुष उरला नाही हे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूडांनी राघोबादादांना बोलावलं आणि दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. पेशव्यांच्या घरात काय दौलत नव्हती? पण डोळा होळकरांच्या खजिन्यावर होता. बाईंनी निरोप धाडला तो माळव्यातल्या मराठी घरांत अजून सांगतात. तुम्ही जिंकलात तर बाईला हरवलं म्हणून कीर्ती होणार नाही, हरलात तर जगात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दादांनी मग, आम्ही तर मालेरावांच्या दुखवट्याला आलो होतो, असं म्हणून विषय आवरता घेतला. आणखीही एक कथा सांगतात. दादांनी पैसा मागितला तेव्हा बाई म्हणाल्या, या धनावर मी तुळशीपत्र ठेवलं आहे, आपण ब्राह्मण आहात, दान म्हणून संकल्प सोडून घेणार असाल तर देते. ही कथा घडली तशीच असो वा लोकांनी नंतर घडवलेली असो, ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. डोळा ठेवणाऱ्याला वस्तू दान म्हणून चालत नाही.

तिघांत सगळ्यांत वाईट कोणतं?

षड्रिपूंत लोभ आणि मत्सर दोघांनाही जागा आहे, परवस्तूवरच्या डोळ्याला वेगळी नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात नरकाची तीन दारं सांगितली आहेत : काम, क्रोध आणि लोभ. त्यात मत्सर नाही. यावरून क्रमांक लावू नयेत असं मला वाटतं, कारण एकाच माणसात ते एकामागून एक येतात.

दुर्योधन पाहा. मयसभेतून परतल्यावर तो शकुनीला सांगतो की युधिष्ठिराचं वैभव पाहून मी जळतो आहे. त्याला स्वतःला काही कमी नव्हतं, हे त्याचा बापही त्याला सांगतो. हा शुद्ध मत्सर. मग द्यूत मांडलं, तेव्हा त्याला इंद्रप्रस्थच हवं होतं, दुसरं एखादं राज्य चाललं नसतं. हा डोळा. आणि तेरा वर्षांनी कृष्ण पाच गावांवर यायला तयार असताना 'सुईच्या अग्राएवढी जमीनही देणार नाही' म्हणणं, ही हाव. तोवर तिच्यात युधिष्ठिरही उरला नव्हता, फक्त जमीन उरली होती.

त्याच घरात त्याची आई. कुंतीला मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा गांधारी दोन वर्षांची गरोदर होती. तिने स्वतःच्याच पोटावर आघात करून घेतला. मत्सर आधी कुणाला लागतो हे याहून स्पष्ट कुठे सांगितलं असेल, मला माहीत नाही.

मुलगी मिशनच्या शाळेत जाते. तिथे दहा आज्ञा शिकवल्या. त्यांत हे कुठे बसतं?

दहाव्या आज्ञेत. शेजाऱ्याचं घर, त्याची बायको, त्याचे दास-दासी, त्याचा बैल, त्याचं गाढव, यांपैकी कशाचाही लोभ धरू नको, असं ती सांगते. आधीच्या आज्ञांत खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष आहे. ती सगळी हाताने किंवा तोंडाने होणारी कृत्यं. शेवटची आज्ञा नुसत्या मनातल्या इच्छेबद्दल आहे. मुलीला वाचताना 'लोभ' या शब्दावर थांबू देऊ नका, 'शेजाऱ्याचं' या शब्दावर थांबवा. बैल हवासा वाटायला मनाई नाही. शेजाऱ्याचा बैल हवासा वाटायला आहे.

मुलाला मित्राचे गुण बघून त्रास होतो. रागवावं का?

रागवू नका, आधी विचारा. भंवरकुव्याच्या आसपास क्लासला जाणारी मुलं मी रोज बघते. बाहेरगावाहून आलेली, एका खोलीत दोघं-तिघं राहणारी, भिंतीवर लागलेल्या यादीत रूममेटचं नाव वर आणि आपलं खाली शोधणारी. त्यांना 'मत्सर करू नये' एवढं सांगून आपण हात झटकतो, हे मला सहन होत नाही. पाठोपाठ आपणच विचारतो, "तुझ्या मित्राला किती मिळाले?"

१९५४ साली लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की माणूस स्वतःला जोखण्यासाठी इतरांशी तुलना करतो आणि ती बहुधा आपल्यासारख्याच माणसांशी करतो. म्हणून देशात पहिल्या आलेल्या मुलाचं नाव पेपरात वाचून काही होत नाही, शेजारच्या खाटेवरच्या मित्राचं वाचून होतं. हे वाटणं त्याच्या हातात नाही. मुलाला विचारा : तुला ते गुण हवेत, की त्याला ते मिळायला नको होते? पहिलं उत्तर आलं तर त्याच मित्राबरोबर अभ्यासाला बसवा. दुसरं आलं तरी खरं बोलल्याबद्दल त्याला जवळ घ्या. त्याला किती एकटं वाटत असेल ते मग कळेल.

धाकटं भावंड झाल्यावर मोठी मुलगी चिडते, ती कशात मोडते?

यांपैकी कशातच नाही. तिच्याकडे आईची मांडी होती, ती जाईल अशी तिला भीती आहे. दुसऱ्याकडे असलेलं आपल्याला नाही याचं दुःख वेगळं आणि आपल्याकडे असलेलं जाईल ही भीती वेगळी. आपण दोन्हीला मत्सरच म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. तिला उपदेश नको, मांडी द्या.

जास्त कमवावंसं वाटणं ही हाव आहे का?

नाही. चार पुरुषार्थांत अर्थ आहेच. घराचा हप्ता, मुलांची फी, म्हातारपणाची तजवीज, यांसाठी धडपडणाऱ्याला हावरट म्हणणं अन्याय आहे. हाव ओळखायची ती 'पुरे' या शब्दावरून. रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाण्याच्या गाड्यांपाशी उभे राहा. भुट्ट्याचा कीस, गराडू, मग जिलबी. पोट भरल्यावर हात थांबतो तोवर भूक होती. त्यापुढेही हात पुढे जातो आणि चव कळेनाशी होते, तिथे हाव सुरू झालेली असते.

कंजूषपणा आणि मत्सर यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो शब्दातच दिसतो. पालीत 'इस्सा' म्हणजे दुसऱ्याचं न बघवणं आणि 'मच्छरिय' म्हणजे आपलं दुसऱ्याला न देववणं. हा 'मच्छरिय' आपल्या मत्सराचाच सख्खा. त्याचं बघवत नाही आणि माझं देववत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या.

तुम्हाला स्वतःला कधी असं वाटलं आहे?

हो. सासूबाईंची मोत्यांची नथ होती. त्या गेल्यावर वाटणीत ती धाकट्या जाऊबाईंकडे गेली. मला माझ्या माहेरची नथ होती, मोती तिच्याहून टपोरे. म्हणजे हाव नव्हती. जाऊबाईंबद्दल मनात काही असावं तर मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर माझ्या मुलांचं सगळं त्यांनी केलं होतं. मत्सर नव्हता. पण प्रत्येक मंगळागौरीला, प्रत्येक लग्नात माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर न जाता त्या नथीवर जायची. वीस वर्षं.

माझ्या मुलीच्या लग्नात जाऊबाई स्वतः ती नथ घेऊन आल्या. म्हणाल्या, "वहिनी, आजीची नथ नातीने घालायला हवी." मुलीच्या नाकात ती घालताना माझ्या मनात पहिला विचार आला, की आता ही परत दिली नाही तर चालेल. माझ्या मुलीचं लग्न लागत होतं आणि मी हा विचार करत होते. त्या क्षणाला मी अजून विसरलेले नाही.

मग यातून सुटायचं कसं?

तिघांना तीन औषधं आहेत, एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. हावेला देणं. हात रिकामा करायची सवय, थोडी का होईना, पण नियमाने. म्हणून मुलांना मी वाढदिवसाला एक आवडती वस्तू द्यायला सांगते, नकोशी झालेली नाही. मत्सराला पतंजलींनी योगसूत्रांत सांगितलेली मुदिता. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता म्हणजे आनंद. ती आपोआप येत नाही, करावी लागते. ज्याचं बघवत नाही त्याचं एक खरं कौतुक त्याच्या तोंडावर करायचं. सुरुवातीला घशात अडकतं. पाच-सहा वेळा झालं की अडकत नाही.

आणि डोळ्याला तुळशीपत्र. वस्तू माझी नाही आणि होणार नाही, हे एकदा मोठ्याने म्हणायचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नथ मखमली डबीत ठेवली आणि अंगणातल्या वृंदावनातलं एक पान तोडून वर ठेवलं. जाऊबाईंनी डबी उघडली, पान पाहिलं. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. त्या फक्त म्हणाल्या, "वहिनी, चहा टाकू का?"

आता मंगळागौरीला त्या समोर बसल्या की मला त्यांचा चेहरा दिसतो. बराच थकला आहे तो.